गणित सोडण्यापूर्वी : सैन्यातील तांत्रिक अधिकाऱ्याची वाट

दहावीचा निकाल लागला की मुलांच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय आपल्या बहुतेक घरांत दोन-तीन दिवसांत होऊन जातो. मामू सांगतात तसा, शेजारच्या मुलाने केले तसा, किंवा जवळच्या कॉलेजात जागा मिळेल तसा. या गडबडीत पहिला बळी जातो तो गणिताचा. "तुला गणित जड जातं, बायलॉजी घे," एवढ्या एका वाक्यावर मुलाचा किंवा मुलीचा विषय बदलतो. त्या एका वाक्याने कोणकोणती दारे बंद झाली, हे घरात कुणालाच कळत नाही, कारण ती दारे तिथे होती हेच ठाऊक नसते.

या महिन्यात आम्ही अशाच एका दाराविषयी लिहीत आहोत. भारतीय सैन्यात अभियंता म्हणून, तांत्रिक शाखेचा अधिकारी म्हणून जाण्याची वाट. वीस वर्षांहून अधिक काळ आम्ही उर्दू आणि मराठी या दोन्ही माध्यमांच्या मुलांना शिकवत आहोत. त्यांच्यात हिंमत कमी आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. कमी पडते ती वेळेवर मिळालेली माहिती.

भरती वेगळी, कमिशन वेगळे

सैन्य म्हटले की आपल्या गावांत आणि मोहल्ल्यांत एकच चित्र डोळ्यांसमोर येते. पहाटे मैदानावर धावणारी मुले, छाती मोजणे, भरतीचा मेळावा. ती जवानांची भरती असते. आता ती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. त्या वाटेने जाणाऱ्या मुलांबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. पण ती एकच वाट नाही.

अधिकाऱ्याची निवड वेगळ्या पद्धतीने होते. तिला कमिशन मिळणे म्हणतात. निवड झालेला तरुण लेफ्टनंट म्हणून रुजू होतो आणि पुढे कॅप्टन, मेजर असा चढत जातो. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळतात. इंजिनिअरिंग करून दहा-पंधरा हजारांच्या पहिल्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईला खोली शोधणारी मुले आम्ही पाहतो. त्यांच्यातल्या अनेकांनी या वाटेचे नावही ऐकलेले नसते.

एका माजी विद्यार्थ्याला आम्ही या परीक्षेबद्दल विचारले, तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो म्हणाला, "टीचर, मी धावण्यात कच्चा आहे." त्याच्या मनात सैन्य म्हणजे फक्त धावणे होते. त्याच्या हातातल्या पदवीलाच सैन्य बोलावते आहे, हे चार वर्षांत त्याला कुणी सांगितले नव्हते.

तांत्रिक अधिकारी करतो तरी काय?

लष्करात तंत्रज्ञानाशी थेट जोडलेल्या तीन मोठ्या शाखा आहेत. कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे ज्यांना सॅपर्स म्हणतात ते. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि काढणे, पाण्याची सोय करणे ही त्यांची कामे. दुसरी शाखा कोअर ऑफ सिग्नल्स. हिची स्थापना १९११ ची, आणि काम सगळ्या दळणवळणाचे, म्हणजे वायरलेसपासून उपग्रहापर्यंत. तिसरी ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. ही शाखा १९४३ मध्ये उभी राहिली. रणगाडे, तोफा, रडार, गाड्या चालू स्थितीत ठेवणे आणि बिघडलेले यंत्र प्रसंगी रणांगणातून ओढून आणून दुरुस्त करणे ही तिची जबाबदारी.

वायुदलात विमानांची देखभाल करणारी एरोनॉटिकल इंजिनिअरिंग शाखा आहे. तिच्यात मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स असे दोन भाग असतात. नौदलात जहाजाचे इंजिन सांभाळणारे आणि वीज व शस्त्रयंत्रणा सांभाळणारे अधिकारी असतात.

यात एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. तांत्रिक अधिकारी म्हणजे पाना घेऊन बसलेला कारागीर नव्हे. त्याच्या हाताखाली वीस-वीस वर्षे यंत्रांवर काम केलेले हवालदार आणि सुभेदार असतात. चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटला त्यांचे ऐकायचे असते, त्यांच्याकडून शिकायचे असते, आणि तरीही शेवटचा निर्णय स्वतः घेऊन त्याची जबाबदारी घ्यायची असते. विमान उडण्याजोगे आहे की नाही, पुलावरून गाडी सोडायची की नाही, याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

हे काम आपल्या महाराष्ट्राने अगदी जवळून पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर तिथला नवा पादचारी पूल लष्कराच्या अभियंत्यांनी उभारला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. ३० जुलै २०२४ रोजी केरळमधील वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा चूरलमला येथे १९० फुटांचा बेली पूल अवघ्या दोन दिवसांत उभा राहिला. ते काम करणाऱ्या मद्रास सॅपर्सच्या पथकात मेजर सीता शेळके होत्या. त्या आपल्या पारनेर तालुक्याच्या. पुलावर उभ्या असलेल्या त्यांचे छायाचित्र तेव्हा देशभर गेले. आमच्या वर्गातल्या मुलींनी ते एकमेकींना दाखवले होते.

बारावीनंतरच्या वाटा

आता गणिताकडे येऊ. बारावीनंतर थेट तांत्रिक अधिकारी होण्याच्या दोन महत्त्वाच्या वाटा आहेत.

पहिली लष्कराची, टेक्निकल एन्ट्री स्कीम. तिला टीईएस म्हणतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्ही विषयांत मिळून किमान ६० टक्के गुण आणि जेईई मेन परीक्षा दिलेली असणे, या तिच्या मुख्य अटी. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. ही वाट सध्या अविवाहित मुलांसाठी आहे. वेगळी लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट एसएसबी मुलाखतीला बोलावतात. निवड झाली की चार वर्षांत इंजिनिअरिंगचे शिक्षण आणि लष्करी प्रशिक्षण दोन्ही पूर्ण होते आणि मुलगा लेफ्टनंट होतो. हे शिक्षण पुण्यात दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, सिकंदराबादचे ईएमईचे कॉलेज आणि मध्य प्रदेशात महू येथील दूरसंचार अभियांत्रिकीचे कॉलेज अशा लष्कराच्याच संस्थांत होते.

दुसरी वाट नौदलाची, १०+२ बीटेक कॅडेट एन्ट्री. इथे त्याच तीन विषयांत ७० टक्के आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. छाननी जेईई मेनच्या क्रमांकावर होते. शिक्षण केरळमधील एझिमला येथील नौदल अकादमीत. या वाटेने आता मुलींनाही अर्ज करता येतो.

या दोन्ही वाटांवर शिक्षणाचा खर्च सरकार करते. टीईएसमध्ये तर शेवटच्या वर्षी विद्यावेतनही मिळते. ज्या घरांना इंजिनिअरिंगची फी परवडत नाही आणि शैक्षणिक कर्जावरचे व्याज ज्यांच्या मनाला टोचते, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

तिसरा रस्ता एनडीएचा, खडकवासल्याचा. तिथे लष्कर विभागासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि वायुदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवेच. शिवाय लेखी परीक्षेतला ३०० गुणांचा गणिताचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो.

म्हणजे तिन्ही ठिकाणी गणित आहे. अकरावीला ज्याने गणित सोडले, त्याच्यासाठी यातली पहिली दोन दारे सोळाव्या वर्षीच बंद झाली, आणि तिसरे जेमतेम किलकिले राहिले. डॉक्टर व्हायची खरी ओढ असेल तर बायलॉजी जरूर घ्यावी. पण गणित नुसते अवघड वाटते म्हणून सोडायचे असेल, तर आधी शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना विचारा, की या मुलाला गणित खरेच येत नाही की सरावच कमी पडला आहे? आमचा अनुभव असा की, दहापैकी सहा-सात वेळा उत्तर सराव हेच असते. बायलॉजी आणि गणित दोन्ही एकत्र घेण्याचीही सोय असते. काही मुलांसाठी तो चांगला मार्ग आहे.

पदवीनंतरच्या वाटा

बारावीला ही संधी हुकली, तरी इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर ती पुन्हा येते. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करता येतो.

लष्कराच्या दोन योजना आहेत. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, म्हणजे टीजीसी. ही मुलांसाठी आहे, वय २० ते २७, प्रशिक्षण डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत, आणि कमिशन कायमचे. दुसरी शॉर्ट सर्व्हिस कमिशन टेक्निकल. ही मुले आणि मुली दोघांसाठी आहे, वय तेच २० ते २७, आणि प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे. इथेही लेखी परीक्षा नसते. पदवीच्या गुणांवर छाननी होते आणि पुढे एसएसबी. म्हणून इंजिनिअरिंगची पहिली दोन वर्षे 'पास झालो, बस' अशा वृत्तीने काढू नयेत. तिथले टक्केच पुढे बोलावणे आणतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांनीही या जाहिराती वाचाव्यात. लष्कर इथे पदवी पाहते.

वायुदलाची परीक्षा एएफकॅट. तांत्रिक शाखेसाठी वय २० ते २६, आणि पदवीबरोबरच बारावीला भौतिकशास्त्र व गणित झालेले असावे लागते. म्हणजे गणिताने इथेही पाठ सोडलेली नाही.

शॉर्ट सर्व्हिसची एक बाजू स्पष्ट सांगायला हवी. ही सेवा दहा वर्षांची असते आणि पुढे चार वर्षे वाढवता येते. या चौदा वर्षांवर निवृत्तिवेतन नसते. त्यासाठी अधिकाऱ्याची वीस वर्षे सेवा व्हावी लागते. कायमच्या कमिशनसाठी विचार होतो, पण ते सगळ्यांना मिळेलच असे नाही. पस्तिशीत पुन्हा नवे काम शोधावे लागू शकते, हे धरूनच या वाटेला लागावे. मोठी माणसे, मोठी यंत्रणा सांभाळल्याचा अनुभव तेव्हा हाताशी असतो, हेही खरे.

मुलींसाठी

लष्करातील शॉर्ट सर्व्हिसच्या महिला अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणेच कायमचे कमिशन मिळाले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी एनडीएत दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

कर्नल सोफिया कुरेशी यांचे नाव मे २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी ऐकले. त्या टीव्हीवर दिसल्या म्हणून घराघरांत पोचल्या. पण त्या आधीपासून सिग्नल्स या तांत्रिक शाखेच्या अधिकारी आहेत. बडोद्याच्या, जीवरसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, आणि १९९९ मध्ये कमिशन मिळालेल्या. मार्च २०१६ मध्ये पुण्यात अनेक देशांच्या सैन्यांचा संयुक्त सराव झाला. त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. एवढ्या मोठ्या बहुराष्ट्रीय सरावात असे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. एका दिवसाच्या प्रसिद्धीमागे सव्वीस वर्षांची नोकरी आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

आणि एक नाजूक गोष्ट. यांतल्या बहुतेक योजनांत उमेदवार अविवाहित असावा लागतो, आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत निकाह करता येत नाही. आपल्याकडे चांगले स्थळ आले की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातही मुलीचा निकाह उरकण्याची घाई होते. मुलीने अर्ज भरलेला असेल, तर एक-दीड वर्ष थांबण्याविषयी मुलाकडच्यांशी मोकळेपणाने बोला. समजूतदार घर असेल तर ते थांबेल.

एसएसबी म्हणजे काय?

सर्व वाटा शेवटी एका दारापाशी येतात, ते एसएसबी. ही मुलाखत साधारण पाच दिवस चालते. लष्कराची केंद्रे प्रयागराज, भोपाळ, बंगळूरू अशा ठिकाणी आहेत. पहिल्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि एका धूसर चित्रावरून गोष्ट लिहून गटात तिची चर्चा. इथूनच बरेच उमेदवार परत येतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. चित्रांवर गोष्टी लिहायच्या. ६० शब्द एकामागून एक दाखवतात, प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहायचे. मग ६० प्रसंग दिले जातात, अर्ध्या तासात प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचे. त्यानंतर मैदानावर गटाने करायची कामे. फळ्या, दोर आणि पिंप देऊन अडथळा पार करायला सांगतात. एक वैयक्तिक मुलाखतही होते. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. मग वैद्यकीय तपासणी.

मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी हे तिघे उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखतात. उमेदवाराच्या छातीवर क्रमांक असतो आणि पाच दिवस त्याला त्या क्रमांकानेच हाक मारतात. या निवडीत कुणालाही आरक्षण नाही.

"आपल्या मुलाला घेतात का हो तिथे?" हा प्रश्न पालकसभेत कुणीतरी हळू आवाजात विचारतेच. आमचे उत्तर नावांनी द्यावेसे वाटते. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, ज्यांनी नौशेरा राखले आणि ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे शहादत पत्करली. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ, जे १९७८ ते १९८१ वायुदलाचे प्रमुख होते आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. लेफ्टनंट जनरल झमीरुद्दीन शाह, जे लष्कराचे उपप्रमुख झाले आणि पुढे अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू. ही नावे थोडी आहेत, हे आम्हालाही दिसते. पण ती का थोडी आहेत याची चर्चा करण्याआधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारू या. आपल्या शाळेतून, आपल्या जमाअतीतून गेल्या पाच वर्षांत किती मुलांनी अर्ज भरला? ज्याने अर्जच केला नाही, त्याला कुणी नाकारलेलेही नाही.

घरातून होणारी तयारी

एसएसबीचे क्लास शहरोशहरी निघाले आहेत. त्यांचा थोडा उपयोग होतो. पण त्या ६० प्रसंगांचा विचार करा. समजा प्रसंग असा आला, की रात्रीच्या प्रवासात पाकीट चोरीला गेले आणि सकाळी परीक्षा आहे. ज्या मुलाने कधी एकट्याने प्रवास केला नाही, ज्याचा फॉर्म अब्बा भरतात, ज्याच्या बँकेत भाईजान जातात, तो याचे उत्तर कशाच्या जोरावर देणार? तो पाठ केलेले उत्तर लिहील, आणि परीक्षकाला ते दुसऱ्या मिनिटाला कळेल.

म्हणून सातवी-आठवीपासून मुलांना कामे सांगा. रेशनच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, रेल्वेच्या खिडकीवर त्यांना पाठवा. घरातले मिक्सर, पंखा, सायकल बिघडली तर उघडून पाहू द्या. घरातल्या निर्णयांत त्यांचे मत विचारा, मुलींचेही. चार भावंडांच्या घरात भांडण मिटवणारे जे मूल असते, त्याच्याकडे बारकाईने पाहा. मैदानावर परीक्षक त्यालाच शोधत असतात. शाळेत एनसीसी असेल तर नाव घाला. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचावे. तिथे झोकदार इंग्रजी कुणी मागत नाही, पण चारचौघांत आपले म्हणणे न अडखळता मांडता आले पाहिजे.

आईच्या मनातले प्रश्न

"नमाज-रोज्याचं कसं होणार, टीचर?" हा प्रश्न रास्त आहे. लष्कराच्या तळांवर सर्वधर्म स्थळ असते. लष्करात धर्मशिक्षकांची पदे आहेत, आणि पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याबरोबर मौलवींचीही त्यात भरती होते. दाढीविषयी मात्र नियम कडक आहे. वायुदलातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दाढी न ठेवण्याचा नियम योग्य ठरवला. ज्या घराला ही गोष्ट मान्य होणार नाही, त्यांनी ती आधीच मनाशी पक्की करावी. मुलगा प्रशिक्षणाला गेल्यावर हा वाद घरात काढणे त्याच्यावर अन्याय ठरेल.

जिवाच्या धोक्याविषयी काय सांगावे? तांत्रिक अधिकारीही सैनिकच असतो. सुरुंग काढणाऱ्याला धोका आहे, सीमेवर तारा जोडणाऱ्यालाही आहे. हे लपवून कुणी मुलाला पाठवू नये, आणि फक्त भीतीपोटी अडवूही नये. मुलाशी बसून बोलावे आणि त्याचे मन खरेच तिथे आहे का, ते पाहावे.

आणि निवड झाली नाही तर? टीईएसच्या एका तुकडीत साधारण ९० जागा असतात आणि अर्ज देशभरातून येतात. पहिल्या खेपेला न होणे ही नेहमीची गोष्ट आहे. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम वायुदलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले होते. २५ जणांत त्यांचा नववा क्रमांक आला, आणि जागा आठ होत्या. वैमानिक होण्याचे स्वप्न तिथे संपले, पण त्यांच्या हातात विमानशास्त्राची पदवी होती. तिच्या बळावर ते कुठवर गेले हे सांगायची गरज नाही. गणित आणि इंजिनिअरिंग वाया जात नाही, हाच त्याचा अर्थ.

मदत कुठे मिळेल?

महाराष्ट्र शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून चालते. दहावीनंतर दोन वर्षे तिथे मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली आहे. दोन्हींची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच होते, म्हणून निकालाची वाट पाहत बसू नये.

नाशिक रोडला शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातील उमेदवारांना तिथे एसएसबीचे प्रशिक्षण मिळते, राहणे-जेवणासह विनामूल्य. टीजीसीसाठी एसएसबीचे पत्र आलेले उमेदवारही तिथे जाऊ शकतात. चौकशी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी आहे असे समजून आपण तिकडे फिरकत नाही.

जाता जाता तीन सूचना. पहिली, नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर 'शेख' एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसऱ्या ठिकाणी नुसते 'मो.'. आपल्या मुलांच्या कागदपत्रांत ही गडबड फार. अर्जातले नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळावी लागते. नववीत शाळा नावे पक्की करते, तेव्हाच ते नीट तपासून घ्या.

दुसरी, तब्येतीची. चष्मा आहे म्हणून दार बंद होत नाही, पण नंबराला मर्यादा आहेत. डोळे, रंग ओळखण्याची क्षमता, कान, दात आणि गुडघे एकदा डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्यावेत. अंगावर गोंदवून घेऊ नये.

तिसरी, दलालांची. अर्ज सैन्याच्या अधिकृत संकेतस्थळांवर ऑनलाइन भरतात. टीईएस, टीजीसी आणि शॉर्ट सर्व्हिसच्या जाहिराती वर्षातून साधारण दोनदा निघतात, आणि वय, गुण व जागा यांचा शेवटचा शब्द त्या-त्या जाहिरातीचा असतो. "साहेबांशी ओळख आहे, दोन लाख द्या," असे म्हणणारा माणूस ठग आहे, तो कितीही नमाजी दिसो.

आमच्या दहावीच्या वर्गात आम्ही आता फळ्याच्या बाजूला एक कागद लावला आहे. त्यावर टीईएस, नौदल, एनडीए आणि पदवीनंतरच्या योजना, त्यांच्या अटी आणि वयोमर्यादा मोठ्या अक्षरांत लिहिल्या आहेत. त्याला खर्च काही आला नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत, वाचनालयात, मशिदीच्या बाहेरच्या फलकावरही असा कागद लावता येईल. यंदा तो वाचून एका जरी मुलाने किंवा मुलीने गणित सोडायचा विचार बदलला, तर सहा-सात वर्षांनी त्या घरातून एक लेफ्टनंट बाहेर पडू शकेल, इन्शाअल्लाह.